ताकिझावांच्या उबवणीघरातलं मरण

१

त्या सकाळी बाबा उबवणीघरातून बाहेर आले आणि बर्फात तसेच उभे राहिले. एका पायात बूट होता, दुसरा पाय नुसता मोज्यावर. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि माझ्यावर ओरडली, "इत्सुए, ते भांडं ठेव खाली आणि आधी बघ बाबांना काय झालंय!"

मी धावले. बाबा नुसते म्हणाले, "वरची टाकी."

आमच्या उबवणीघरात पाण्याचा आवाज कधी थांबायचा नाही. झऱ्याचं पाणी आधी सगळ्यात वरच्या टाकीत पडायचं, तिच्यातून खालच्या टाकीत, असं उतरत उतरत दाराशी यायचं आणि मग बाहेरच्या हौदांत जायचं. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. आता कधी शहरात मुलाकडे राहायला गेले की शांततेनेच जीव घाबरा होतो. सून बिचारी विचारते, "आई, नळ जरा चालू ठेवू का?" चांगली आहे पोर, पण नळाला काय कळतंय.

वरच्या टाकीत ट्राउट माशांची पिल्लं काळी पडली होती. डोळे बाहेर आलेले, पोट फुगलेलं. काही जागच्या जागी गरागरा फिरत होती, आणि तळाशी मेलेल्यांचा थर साचला होता. जी जिवंत होती त्यांच्या शेपटीशी पांढरा दोरा लोंबत होता. तो दोरा पाहिला आणि मी दोन पावलं मागे सरकले. कारण तो मी आदल्या वसंतात पाहिला होता, डोंगरापलीकडे मोमोसेंच्या हौदांत.

त्या रोगाला औषध नव्हतं, आजही नाही. इवल्या पिल्लांना तो मारतो आणि मारायचं थांबत नाही. मोमोसेंकडे तो आला तेव्हा सरकारी माणसांनी हुकूम काढला, लहानमोठा एकूण एक मासा मारा आणि चुना घालून पुरा. खोऱ्यातले सगळे मासेवाले मदतीला गेले. आमच्याकडे रीतच होती ती, कुणाच्या घरी भात लावायचा असो की कुणाचं मयत असो, सगळ्यांनी जायचं. बाबाही गेले. बाकीचे ट्रकमधून परतले आणि बाबा डोंगरावरून पायी आले, अंधार पडता पडता, गुडघ्यापर्यंत ओले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते. त्या मोमोसेंचा मुलगा शुनपेई माझा होणारा नवरा होता. एप्रिलमध्ये लग्न. दोन्ही घरच्या वस्तूंची देवाणघेवाण होऊन गेली होती. आणि तो शुनपेई, घोडा, दोनच आठवड्यांपूर्वी आमच्याकडे येऊन उबवणीघराच्या दारात उभा राहून माझ्याशी तासभर गप्पा छाटून गेला होता. पायात त्याच्या घरचेच बूट होते.

बाबांनी मोजा पिळला, घरात आले आणि म्हणाले, "त्याच पोराच्या बुटांनी आणलाय. इत्सुए, हे लग्न होणार नाही."

२

दुसऱ्या दिवशी मत्स्य केंद्रातून ओगुचीसाहेब आले. माशांचे डॉक्टर. बुटके, गोल, आणि जिथे जातील तिथे स्वतःची औषधी पाण्याची परात बरोबर. दाराशी परात ठेवायची, तिच्यात बूट बुडवायचे आणि मगच आत पाऊल. गावातली पोरं त्यांना 'परातसाहेब' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंसुद्धा.

त्यांची तपासाची पद्धत म्हणजे लोणचं. ज्याच्या घरी जातील त्याच्या कोतात्सूत, म्हणजे शेगडीवरच्या बुटक्या मेजाखाली, पाय खुपसून, गुडघ्यांवर रजई ओढून, चहा आणि पाल्याचं लोणचं मागायचे. लोणचं खात खात असे काही प्रश्न विचारायचे की माणसाला वाटायचं, हे पाहुणे आलेत.

बाबांना मात्र त्यांनी सरळ विचारलं. "ताकिझावासान, गेल्या वर्षभरात बाहेरून एखादा मासा आला? एकसुद्धा?"

"एकही नाही."

"भेट म्हणून? खायला म्हणून?"

"साहेब, घरातल्या देव्हाऱ्यासमोर सांगू का? या घरात बाहेरचा मासा आलेला नाही. बाहेरचे बूट आलेत."

बाबा खोटं बोलायचे नाहीत. ही मुलीची माया नाही, खोऱ्यात कुणालाही विचारायचं होतंत. बाजारात स्वतःच्या माशाला खोड असेल तर स्वतःच बोट दाखवून सांगायचे आणि मग आईची बोलणी खायचे. ओगुचीसाहेबांनीही त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

"मुलाचे बूट नसावेत," ते म्हणाले. "मोमोसेंचे हौद वर्षभर कोरडे आहेत. हा रोग उन्हात आणि चुन्यात इतके दिवस टिकत नाही."

"हे तुमचं पुस्तकातलं झालं."

"बरं. मग पुस्तक ठेवा बाजूला. पोरगा उभा कुठे होता?"

"दारात," मी म्हणाले. मी चहा घेऊन आले होते आणि मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी म्हणाले. "आत नाही आला. दाराशी औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचा त्याला कंटाळा."

"आणि दाराशी कुठली टाकी आहे?"

"सगळ्यात खालची."

"त्या टाकीतली पिल्लं आज सकाळी कशी होती?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा रजईकडे बघत होते. खालच्या टाकीतली पिल्लं त्या सकाळीही खात होती, पोहत होती. मरण वरून खाली उतरत होतं, पाण्याबरोबर. बुटांनी आणलं असतं तर ते दारापासून सुरू झालं असतं आणि वर कधी चढलंच नसतं.

माझा चेहरा फुलला असावा, कारण बाबांनी चहाचा पेला खाली आपटला. "मग कुठून आला? वर काय आहे? वर झरा आहे. खडकातून येतो. आजोबांच्या आधीपासून येतो. त्यात रोग पडला काय आभाळातून? ते दाखवा, साहेब. ते दाखवत नाही तोवर मोमोसेंचं पाऊल या घरात नको."

आणि त्याच दुपारी त्यांनी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थ काकूंना बोलावून लग्नाच्या वस्तू बांधून परत पाठवल्या. आई स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मी रडले नाही. मी त्या गाठोड्याकडे बघत राहिले आणि मला बाबांचा एवढा राग आला की आज ते नाहीत, तरी आठवलं की कान तापतात.

३

शुनपेई मला बसथांब्यावर भेटला. वस्तू परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तो थांबा अजून आहे, बस मात्र बंद झाली.

"मीच आणला असेन," तो म्हणाला.

"मूर्खासारखं बोलू नको. साहेबांनी सांगितलंय, वरच्या टाकीपासून सुरू झालंय."

"साहेब परके आहेत, इत्सुए. तुझे बाबा आमच्याकडे येऊन दिवसभर मासे मारत होते. शेजाऱ्याचे मासे मारायला हात उठतो का कुणाचा? त्यांनी उचलला. ओरडत नव्हते, बोलत नव्हते, नुसते मारत होते, म्हणजे आमच्या बाबांना मारावे लागू नयेत म्हणून. आणि मी त्यांच्या घरी मरण घेऊन गेलो."

"नाही गेलास!"

"शनिवारी नागोयाला जातोय. मोटारींच्या कारखान्यात माणसं घेतायत." त्याने खिशातून हात काढला, पुन्हा घातला. "तू माझ्यासाठी थांबू नकोस."

"कोण थांबतंय?" मी म्हणाले, आणि मग मात्र रडले, तिथेच, भर रस्त्यात. पोस्टमन सायकलवरून गेला. त्याने घंटी वाजवली नाही.

घरी आले ती तरातरा ओगुचीसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. ते आमच्याच ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या सुकवत होते. "शनिवारच्या आत शोधा," मी म्हणाले.

"शनिवारी काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, नाड्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "मग मला जरा जास्त लोणचं लागेल."

४

पहिला संशय अंड्यांच्या व्यापाऱ्यावर. कुरोइवा नावाचा उंच माणूस, उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून माशांची अंडी आणून खोऱ्यात विकायचा. त्या जानेवारीत आमच्याकडेही दिली होती. ओगुचीसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि तो बसायच्या आधीच घामाघूम झाला.

"आयोडिनच्या पाण्यात धुतली होती साहेब, प्रत्येक खेप! हवं तर बाटल्या दाखवतो!"

"बाटल्या राहू द्या. तुमची अंडी कुठल्या टाकीत होती?"

"खालून दुसऱ्या," बाबाच म्हणाले.

"आणि वरच्या टाकीत?"

"आमची घरची. आमच्याच माद्यांची."

"म्हणजे आधी घरची मेली, मग वाटेतल्या टाक्या, आणि मग कुठे कुरोइवासानची." ओगुचीसाहेब हसले. "सुटलात. चहा घ्या."

कुरोइवाने एका घोटात चहा संपवला आणि निघताना दारात वळून म्हणाला, "ताकिझावासान, घरातल्या माणसांकडे बघा जरा. तुमच्या भावाला हे मासे नकोच होते ना?"

हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, पण खरं होतं. तोकुजीकाका, बाबांचा धाकटा भाऊ, उबवणीघर सांभाळायचा. मासे काढून टाकून झऱ्याच्या पाण्यावर वासाबीची तिखट मुळं लावू या म्हणून बाबांच्या मागे लागला होता. दोघांची त्यावरून नेहमी जुंपायची. आणि पिल्लं मरायला लागल्यापासून काका कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

ओगुचीसाहेब त्याला भेटायला हौदांपाशी गेले. मीही गेले, परात उचलून. काका मोठ्या माद्यांना खाणं टाकत होता. तेव्हा गोळ्यांचं खाणं आलं होतं, पण मोठ्या माशांना बाबा अजून रेशमाच्या कोषांतले सुकवलेले किडे कुटून घालायचे. त्याचा वास भयंकर. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायच्या नाहीत त्यापायी. आता कुणी तसा वास दिला तर मी त्याला मिठी मारीन.

"तोकुजीसान, काय लपवताय?" साहेबांनी विचारलं. लोणचं नाही, चहा नाही, एकदम घाव.

काकाच्या हातातलं घमेलं पाण्यात पडलं. "मी मुद्दाम नाही केलं! दादाला सांगू नका!"

मी परात खाली ठेवली. काका म्हणजे मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा माणूस.

५

काकाने सांगितलं ते असं. झऱ्याचं पाणी आधी डोंगराच्या पायथ्याशी जलदेवतेच्या कुंडात साठतं आणि तिथून नळाने उबवणीघरात येतं. नळाच्या तोंडाशी पानं अडकायला जाळी. ती जाळी रोज सकाळी काका साफ करायचा. सेत्सुबुनच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपण भुतं पळवायला घरात दाणे फेकतो त्या दिवसांत, त्याला जाळीत ओंजळभर अंडी सापडली.

"दादा नेहमी म्हणतो, मेलेली अंडी वेचून कुठेही फेकतोस, अक्कल कुठे गेली. म्हणून वाटलं, मीच कुंडाजवळ फेकली असतील. आणि त्याच महिन्यात पिल्लं मरायला लागली. साहेब, त्या सडक्या अंड्यांनीच झालं असणार. म्हणजे मीच मारली."

ओगुचीसाहेब काकाच्या जवळ सरकले. मग अगदी हळू विचारलं, "त्या अंड्यांत डोळे होते?"

"डोळे?"

"काळे ठिपके. कुरोइवाची अंडी डोळे आल्यावरच येतात."

काकाने आठवलं. "नव्हते. काही पांढरी पडलेली, बाकी नुसती पिवळीधमक. ताजी वाटत होती."

"तुमच्या माद्यांची अंडी कधी काढली?"

"नवीन वर्षाच्या आधीच संपवलं सगळं. सेत्सुबुनला तर पिल्लं बाहेर आली होती."

"मग ती अंडी तुमचीही नाहीत आणि कुरोइवाचीही नाहीत." साहेबांनी काकाच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही कुणाला मारलं नाहीत. उलट तुम्हीच मला वाट दाखवलीत."

काका मटकन खाली बसला आणि हसायला लागला. मग मला म्हणाला, "इत्सुए, घमेलं काढ गं, बुडालं."

मी घमेलं काढता काढता विचार करत होते. अंडी जाळीत होती. जाळी उबवणीघराच्या वर. खालची अंडी पाण्यातून वर चढत नाहीत. मग वर अंडी कुणी घातली? वर तर नुसता खडक आणि देव.

त्या दुपारी ओगुचीसाहेब आईसमोर बसले. शुक्रवार होता. आई त्यांना पोरकं लेकरू समजून वाढत होती. त्यांनी सहज विचारलं, "देवाच्या कुंडाकडे कोण जातं, वहिनी?"

"मीच. दुसरं कोण? रोज सकाळी नैवेद्याचा भात सोडते पाण्यात. सासूबाई करायच्या, आता मी."

"पुरुष मंडळी?"

"तोकुजीभावजी जाळी झाडतात, तेवढं. पण आत डोकावायचं नसतं हो. छपराखाली अंधार, आणि देवाच्या घरात काय बघायचं."

"भात पाण्यात सोडला की सडत नाही?"

"सडायचा की! तळाशी पांढरा थर व्हायचा. दर महिन्याला लांब पळीने काढायला लागायचा, पाठ मोडायची माझी." आईने त्यांच्या वाटीत आणखी लोणचं घातलं आणि खुशीत येऊन म्हणाली, "पण गेल्या वर्षापासून देव पावलाय बघा. दुसऱ्या दिवशी बघावं तर एक शीत उरत नाही."

ओगुचीसाहेबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. वाटीत लोणचं होतं आणि त्यांनी काड्या खाली ठेवल्या, तेव्हाच मी समजले की शोध संपला.

"वहिनी, थोडा भात द्या," ते म्हणाले. "आणि ताकिझावासानना बोलवा. सगळेच चला."

६

कुंडापाशी आम्ही पाचजण उभे होतो. बाबा, आई, काका, साहेब आणि मी. बर्फ चकाकत होतं आणि पाण्यातून वाफ निघत होती, कारण ते पाणी बारा महिने तेवढंच गार, हिवाळ्यात उबदार वाटायचं. छपरावरून थेंब पडत होते. बाबांनी हात जोडले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "इथे काय?"

"वहिनी, रोजच्यासारखा भात सोडा."

आईने भात सोडला. पांढरी शितं हळूहळू खाली जाऊ लागली. कुणी बोलत नव्हतं. मग खडकाच्या खालच्या काळोखातून काहीतरी हललं. एक ट्राउट मादी बाहेर आली. केवढी मोठी! अंगावरचा गुलाबी पट्टा त्या अंधारातही दिसत होता. तिने घाई केली नाही. एक एक शीत टिपलं, आणि वळली. वळताना तिचा डावा कल्ला दिसला, काठाला खाच पडलेली.

आई ओरडली, "अगं बाई!" काकाने टोपी काढली. बाबा मात्र गुडघ्यांवर बसले, बर्फातच.

"ताकिझावासान," ओगुचीसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नव्हता. मीच चुकीचा प्रश्न विचारला. मी विचारलं, बाहेरून मासा आला का. मी विचारायला हवं होतं, देवाला मासा सोडला का."

बाबांनी पाण्यावरची नजर काढली नाही. मग साहेबांनीच आम्हाला सांगितलं. दर वर्षी खोऱ्यातले मासेवाले वर्षभरात मेलेल्या माशांसाठी पूजा घालतात. भिक्खू येऊन मंत्र म्हणतो आणि एक मासा जिवंत नदीत सोडतात. सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही आणि त्या माशाबद्दल पुन्हा कधी बोलायचं नाही, घरातसुद्धा नाही. तो मासा मग कुणाचाच नसतो. मोमोसेंकडे एवढे मासे मारले, पण एकही सोडता आला नाही, कारण रोगाच्या भीतीने साहेबांनीच नदीत सोडायला बंदी घातली होती.

"त्या दिवशी सगळे ट्रकने गेले आणि तुम्ही पायी. तेव्हा मी विचार केला नाही. आज केला."

"एवढे मासे," बाबा म्हणाले. "सकाळपासून मी मारत होतो साहेब. शेवटी ही उरली. मोमोसेंची सगळ्यात जुनी मादी. रोग तिला शिवलासुद्धा नव्हता, बघा ना, किती धडधाकट. मला वाटलं, एवढं घर बुडालं, त्यांच्यासाठी एकसुद्धा सोडायचा नाही? नदीला बंदी होती. देवाच्या कुंडाला कुणी बंदी घातली नव्हती. बादलीत घेतली आणि डोंगर चढलो. दर ओढ्यावर पाणी बदललं. इथे सोडली आणि मागे बघितलं नाही."

"मोठ्या माशाला हा रोग मारत नाही. तो अंगात घेऊन मासा वर्षानुवर्षं सुखाने जगतो," साहेब म्हणाले. "आणि मादी अंडी सोडते तेव्हा अंड्यांबरोबर रोगही पाण्यात सोडते. सेत्सुबुनला तिने अंडी सोडली. ती जाळीत अडकली. रोग नाही अडकला."

बाबा कपाळ बर्फाला टेकवून कितीतरी वेळ तसेच होते. मी त्यांच्यावर इतकी रागावले होते, आणि त्या क्षणी माझा सगळा राग गेला. डोंगरावरून बादली घेऊन येणारा माझा बाप मला दिसत होता. मी त्यांच्या शेजारी बसले.

"इत्सुए," ते म्हणाले, "माझा कोट आण. मोमोसेंकडे जायचंय. पायी."

७

मोमोसेंच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा शुनपेईची बॅग उंबरठ्यात भरून ठेवलेली होती. उद्या शनिवार. त्याच्या आईने आम्हाला आत घेतलं, पण चहाचं काही बोलली नाही. आमच्याच घरून परत आलेलं गाठोडं कोपऱ्यात होतं, न सोडलेलं.

मोमोसेकाका हडकुळे, शांत माणूस. वर्षभरात आणखी शांत झाले होते. हौद कोरडे पडल्यापासून ते डोंगरात लाकडं तोडायला जायचे आणि संध्याकाळी येऊन बाकी काही करायचे नाहीत.

बाबांनी चटईवर कपाळ टेकवलं आणि एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. बादली, डोंगर, कुंड, भात, अंडी. "तुमच्या मुलावर मी आळ घेतला. रोग मीच आणला, माझ्याच हातांनी. मला तोंड दाखवायची लाज वाटते." ते कपाळ उचलायलाच तयार नव्हते. शुनपेई दारात उभा होता आणि मी त्याच्याकडे बघायची हिंमत करत नव्हते.

मोमोसेकाका गुडघ्यांवर पुढे सरकले. मग म्हणाले, "डाव्या कल्ल्याला खाच आहे तिच्या?"

"आहे," मी म्हणाले. "मी बघितली."

"जिवंत आहे?"

"आहे."

"मोठी झाली?"

मी हातांनी दाखवलं. त्यांनी माझ्या हातांमधल्या अंतराकडे असं बघितलं की मला हात खाली घ्यायला सुचेना. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सरळ गालांवरून, आणि त्यांनी पुसलंही नाही. "मला वाटलं होतं सगळीच गेली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. शुनपेईची गाडी त्याच सकाळची होती, पण बापाला एकटं कसं सोडू म्हणून तोही आला, बॅग न घेता. दाराशी परात होती. शुनपेईने बूट दोनदा बुडवले आणि तोकुजीकाका म्हणाला, "अरे, आता पुरे, भिजून फाटतील."

ती मादी जिवंत ठेवता येणार नव्हती. ओगुचीसाहेबांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, कुंड स्वच्छ झाल्याशिवाय पुढचं एकही पिल्लू वाचणार नाही. त्यांनी जाळं आणि लाकडी हातोडी तयार ठेवली होती. "मी करतो," ते म्हणाले. "तुम्ही घरात बसा."

"नको," मोमोसेकाका म्हणाले. "माझ्या घरची आहे."

आईने शेवटचा भात सोडला. मादी आली. मोमोसेकाकांनी तिला जाळ्यात घेतलं, ओल्या हातांनी उचललं आणि पोटाशी धरलं. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. काहीतरी पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही. मग खाली ठेवून एकच घाव घातला, अगदी नेमका. तिला कळलंसुद्धा नसेल. आई रडत होती, काका रडत होता, ओगुचीसाहेब चष्मा पुसत होते. बाबा ताठ उभे होते.

मोमोसेकाकांनी हात धुतले. खूप वेळ धुतले. मग बाबांसमोर आले आणि कमरेत वाकले.

"ताकिझावासान, माफी मागू नका. वर्षभर मी रिकाम्या हौदांकडे बघत बसलो होतो. आणि वर्षभर माझ्या घरातलं एकजण तुमच्याकडे देवाच्या पाण्यात राहत होतं, रोज ताजा भात खात होतं. मला कळलं असतं तर मी रोज शांत झोपलो असतो." त्यांनी वळून शुनपेईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता तुमच्या घरातलं एकजण माझ्याकडे पाठवा. मीही नीट सांभाळीन."

उत्तर बाबांनी द्यायचं होतं. आई त्यांना कोपराने ढोसत होती. शुनपेई स्वतःच्या ओल्या बुटांकडे बघत होता.

मग मीच म्हणाले, "येते मी."